रासायनिक समीकरण संतुलित करताना: सूत्राचा धुरा कोरायचा नाही

"ताई, मी जादाचं काही नाही टाकलं. ऑक्सिजनले फक्त एक जोडीदार देल्ला."

दहावीतल्या एका पोराच्या वहीतलं समीकरण मी लाल पेननं खोडलं, तेव्हा त्यानं दिलेलं हे उत्तर. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, हे त्यानं नीट मांडलं होतं. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एकच. मग पठ्ठ्यानं पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी गुपचूप २ लिहिला आणि हिशेब मिटवला. मोजून पाहिलं तर आकडे खरंच जुळत होते. फक्त पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड आलं होतं, जखमेवर ओतलं की पांढरा फेस येतो ते. "तहान लागली तं हे पिशीन का?" मी विचारलं. पोरगा हसला, पण पुढच्याच गणितात पुन्हा तेच केलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी माझ्या ओसरीवर दहावीची सात-आठ पोरं-पोरी अभ्यासाला बसतात. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट दिसली आहे. समीकरण न येणाऱ्या पोराला बेरीज येत असते, पाढे येत असतात. अडतं ते सूत्रापाशी. एक तर सूत्रच चुकीचं लिहिलेलं असतं, नाहीतर बरोबर लिहिलेलं सूत्र मधेच बदललेलं असतं. म्हणून या लेखात निम्मा वेळ मी सूत्रावरच घालवणार आहे. घाई असेल त्यानंही तो भाग सोडू नये.

एक खुलासा आधीच करते. इथे मी संज्ञा आपण तोंडानं म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्येक मूलद्रव्याच्या मधे छोटी रेघ आहे. पाणी म्हणजे एच₂-ओ, चुनखडी म्हणजे सीए-सी-ओ₃. यात 'सीए' हे कॅल्शियम आणि नुसता 'सी' हा कार्बन. वहीत मात्र पुस्तकातल्याच अक्षरांत लिहा. मोठं अक्षर मोठं आणि छोटं ते छोटंच काढा. कोबाल्टचं दुसरं अक्षर मोठं काढलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो.

जुळवायचं कशासाठी?

चुलीत भारा भर पऱ्हाट्या जाळल्या की मागे टोपलीभरही राख उरत नाही. मग बाकीचं वजन गेलं कुठं? गेलं कुठंच नाही, धुरातून आणि वायूतून हवेत मिसळलं. जाळताना हवेतला जो ऑक्सिजन आत आला, तोही त्यात धरायला हवा. फ्रान्सच्या लव्हाझिएनं अठराव्या शतकात बंद भांड्यात पदार्थ तापवून, काटेकोर वजनं करून हेच दाखवलं. अभिक्रियेत अणू नवे जन्मत नाहीत आणि मरतही नाहीत, फक्त जोडीदार बदलतात. त्यामुळे बाणाच्या डावीकडे जे अभिकारक आहेत आणि उजवीकडे जी उत्पादितं आहेत, त्या दोन्हीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू तितकेच भरले पाहिजेत.

लक्षात घ्या, मोजायचे ते अणू. रेणूंची संख्या दोन्हीकडे सारखी असलीच पाहिजे असं नाही. तीन रेणू आत जाऊन दोन बाहेर येतील, त्यात काही चूक नाही.

आधी सूत्र बरोबर लिहा

सूत्र संयुजेवरून येतं. संयुजा म्हणजे एखाद्या अणूची किंवा अणुगटाची दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता, आकड्यात सांगितलेली. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत पोरांची शाळा बुडते आणि कित्येकांची नववीतली संयुजा तशीच राहून जाते. दहावीत समीकरण अडलं की मूळ दुखणं बहुतेक वेळा तिथं सापडतं. त्यामुळे एक संध्याकाळ फक्त एवढं पाठ करण्यात घालवा:

संयुजा १: हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियम, चांदी, अमोनियम, क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट.
संयुजा २: कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, ऑक्साइड, सल्फेट, कार्बोनेट.
संयुजा ३: ॲल्युमिनियम, फॉस्फेट.

लोखंड कधी २ तर कधी ३ आणि तांबं कधी १ तर कधी २ दाखवतं. त्यांचं प्रश्नात काय दिलंय ते पाहून ठरवायचं.

दोघांच्या संयुजा एकमेकांच्या पायाशी तिरप्या उतरवल्या की सूत्र तयार होतं. ॲल्युमिनियमची ३, ऑक्साइडची २, म्हणून एएल₂-ओ₃. कॅल्शियमची २, क्लोराइडची १, म्हणून सीए-सीएल₂. दोन्ही आकडे सारखे असले की उडतात. कॅल्शियम आणि कार्बोनेट दोघांची २, म्हणून सीए-सी-ओ₃. अणुगट, म्हणजे ओ-एच सारखे एकत्र राहणारे अणू, एकाहून जास्त वेळा आला तर त्याला कंस हवा. विझवलेला चुना लिहायचा तो सीए(ओ-एच)₂ असा. कंस विसरला तर २ फक्त हायड्रोजनला लागतो आणि पुढचं सगळं मोजमाप बिघडतं.

सुट्या मूलद्रव्यांचं वेगळं आहे. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ही सात मंडळी एकटी असली की जोडीनं राहतात. ऑक्सिजन वायू म्हणजे ओ₂, क्लोरिन वायू म्हणजे सीएल₂. धातू मात्र एकेकटाच लिहायचा. मी पोरांना सांगते, हवेतला ऑक्सिजन पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या बैलांसारखा असतो, जोडीनंच येतो. ही जोडी पुढे आपल्याला चांगलीच उपयोगी पडणार आहे.

मग सूत्राभोवती धुरा घाला

सगळी सूत्रं लिहून झाली की पेन्सिलनं प्रत्येक सूत्राभोवती चौकट काढा. हा धुरा, म्हणजे शेताचा बांध. आपल्या गावात धुरा कोरण्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, कोर्टकचेऱ्या होतात. इथेही तोच नियम: चौकटीच्या आत काहीही झालं तरी हात घालायचा नाही. आकडा लिहायचा तो फक्त चौकटीच्या बाहेर, सूत्राच्या आधी. त्याला सहगुणक म्हणतात.

२ एच₂-ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू. हायड्रोजनचे अणू २ गुणिले २, म्हणजे ४. ऑक्सिजनचे २. बाहेरचा आकडा चौकटीतल्या सगळ्यांना लागतो, पायाशी लिहिलेला फक्त आपल्या मालकाला. कंसाबाहेरचा कंसातल्या सगळ्यांना. ३ सीए(ओ-एच)₂ मध्ये ऑक्सिजन किती? ३ गुणिले २, म्हणजे ६. हे तोंडी चटकन येईपर्यंत पुढे जाऊ नका.

ज्याला कागदावर काहीच दिसत नाही, त्याच्यासाठी मी डब्यातून धान्य काढते. हायड्रोजन म्हणजे ज्वारीचा दाणा, ऑक्सिजन म्हणजे हरभरा, कार्बन म्हणजे काळा उडीद. एक वाटी म्हणजे एक रेणू. पाण्याच्या वाटीत दोन ज्वारी आणि एक हरभरा. नियम एकच: अख्खी वाटी वाढवायची, वाटीत सुटा दाणा टाकायचा नाही. दाणे जास्त झाले तर? दुसऱ्या बाजूला आणखी एक वाटी मांडायची. पेरॉक्साइडवाला तो पोरगा शेवटी वाट्यांवरच समजला. "हाव ताई, म्हंजे भांडंच वाढवा लागते," तो म्हणाला. मला आजवर यापेक्षा नेमकं सांगता आलेलं नाही.

पहिलं समीकरण, सावकाश

एच₂ + ओ₂ → एच₂-ओ

खाली तीन रकान्यांचा तक्ता आखा: मूलद्रव्य, डावीकडे, उजवीकडे. हायड्रोजन २ आणि २. ऑक्सिजन २ आणि १. ऑक्सिजन उजवीकडे कमी, म्हणून पाण्याच्या आधी २. आता तक्ता नव्यानं भरा, जुना खोडून त्यावरच लिहू नका. ऑक्सिजन जुळला, पण हायड्रोजन उजवीकडे ४ झाला. डावीकडच्या एच₂ च्या आधी २.

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂-ओ

एक जुळवताना दुसरं बिघडतं, याला पोरं घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते बिघडणारच. दर पावलाला तक्ता नव्यानं भरायचा तो याचसाठी.

मोजल्याशिवाय आकडा टाकू नका

काही समीकरणं आधीपासूनच जुळलेली असतात, तरी पोरं सवयीनं त्यात आकडे घुसडतात. चुन्याच्या भट्टीत चुनखडी भाजली की:

सीए-सी-ओ₃ → सीए-ओ + सी-ओ₂

मोजा. कॅल्शियम १-१, कार्बन १-१, ऑक्सिजन ३-३. झालं, काही करायचं नाही. अणुवस्तुमानं घातली तर डावीकडे १०० आणि उजवीकडे ५६ अधिक ४४. म्हणजे शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलोच कळीचा चुना निघतो, उरलेले चव्वेचाळीस किलो वायू होऊन भट्टीच्या तोंडातून जातात. चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांतही चुनखडीचं आधी हेच होतं.

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागांत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक लागतं. एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. त्यातली अभिक्रिया शाळेपुरती अशी लिहितात:

सीयू-एस-ओ₄ + सीए(ओ-एच)₂ → सीयू(ओ-एच)₂ + सीए-एस-ओ₄

हीदेखील आयती जुळलेली. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहायची जुनी रीत आहे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुना आणखी हवा. तो थर म्हणजे सुटं झालेलं तांबं (सीयू), विळ्याचं लोखंड (एफई) त्याची जागा घेतं: एफई + सीयू-एस-ओ₄ → एफई-एस-ओ₄ + सीयू. पुस्तकात हा प्रयोग खिळ्यानं करून दाखवतात, बागवाला विळ्यानं करतो.

सुरुवात कुणापासून?

खरं कौशल्य इथे आहे. भलत्या ठिकाणाहून सुरुवात केली तर दोन ओळींचं गणित पानभर फिरतं. माझा क्रम असा: दोन्ही बाजूंना एकेकाच सूत्रात येणारं मूलद्रव्य आधी घ्या, त्यातही ज्याच्या पायाशी मोठा आकडा आहे ते सगळ्यात पहिलं. अनेक सूत्रांत विखुरलेलं मूलद्रव्य मागे ठेवा. एकटं उभं असलेलं मूलद्रव्य, जसं ओ₂ किंवा एफई, अगदी शेवटी घ्या. त्याच्यापुढे कोणताही आकडा टाकला तरी दुसऱ्या कुणाला धक्का लागत नाही.

घरातल्या सिलिंडरच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ब्युटेन घेऊ:

सी₄-एच₁₀ + ओ₂ → सी-ओ₂ + एच₂-ओ

ऑक्सिजन उजवीकडे दोन ठिकाणी आहे, त्याला थांबवा. कार्बन डावीकडे ४, म्हणून ४ सी-ओ₂. हायड्रोजन १०, म्हणून ५ एच₂-ओ. आता उजवीकडे ऑक्सिजन मोजा: ८ अधिक ५, तेरा. डावीकडे ओ₂, म्हणजे बैलजोडी. जोड्या कितीही आणा, तेरा बैल होणार नाहीत. पोरं इथे अडतात आणि चौकटीच्या आत हात घालायचा मोह होतो. मार्ग सोपा आहे. बाकी सगळं दुप्पट करा: २ ब्युटेन, ८ सी-ओ₂, १० पाणी. ऑक्सिजन १६ अधिक १०, सव्वीस. सव्वीस बैल म्हणजे तेरा जोड्या.

२ सी₄-एच₁₀ + १३ ओ₂ → ८ सी-ओ₂ + १० एच₂-ओ

ज्याला अपूर्णांकाची भीती नाही, त्यानं मधल्या पायरीत ओ₂ च्या आधी १३/२ लिहून नंतर सगळ्याला २ नं गुणलं तरी चालेल. उत्तरात मात्र पूर्णांकच ठेवा.

लोखंड: जिथे क्रम उपयोगी पडत नाही

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर हेमॅटाइट हे लोखंडाचं धातुक आहे, म्हणजे एफई₂-ओ₃. झोतभट्टीत त्यातला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड काढून नेतो:

एफई₂-ओ₃ + सी-ओ → एफई + सी-ओ₂

इथे ऑक्सिजन डावीकडे दोन सूत्रांत आहे. कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे तक्ता भरत बसलं तर पोर गोल गोल फिरतं. अशा वेळी पेन खाली ठेवून विचारा, यात नेमकं चाललंय काय? सी-ओ चा प्रत्येक रेणू एकच ऑक्सिजन उचलतो आणि सी-ओ₂ होऊन निघून जातो. धातुकात ऑक्सिजन तीन. मग उचलणारे हमाल किती लागतील? तीन.

एफई₂-ओ₃ + ३ सी-ओ → २ एफई + ३ सी-ओ₂

वजनानं ताळा करू. डावीकडे १६० अधिक ८४, दोनशे चव्वेचाळीस. उजवीकडे ११२ अधिक १३२, दोनशे चव्वेचाळीस. वजनाचा असा ताळा परीक्षेत कुणी मागत नाही, पण महिन्यातून एखाद्या समीकरणावर करायला लावा. पोरांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहण्यासारखा असतो.

अणुगट एकसंध ठेवा

सिंगल सुपर फॉस्फेटचं पोतं आमच्याकडे घरोघरी असतं. ते खडकातल्या फॉस्फेटवर गंधकाम्ल टाकून तयार करतात:

सीए₃(पी-ओ₄)₂ + एच₂-एस-ओ₄ → सीए(एच₂-पी-ओ₄)₂ + सीए-एस-ओ₄

ऑक्सिजन मोजायला बसाल तर डोकं दुखेल. फॉस्फेट आणि सल्फेट हे गट अभिक्रियेत फुटत नाहीत, म्हणून अख्खा गट एक नग धरा. फॉस्फेट २-२, जुळलेलेच. कॅल्शियम डावीकडे ३. उजवीकडे पहिल्या सूत्रात १, मग उरलेले दोन सल्फेटसोबत हवेत, म्हणून २ सीए-एस-ओ₄. सल्फेट दोन झाले, म्हणून डावीकडे २ एच₂-एस-ओ₄. हायड्रोजन आपोआप ४-४. ऑक्सिजनला हातही लावला नाही. गट अभिक्रियेत फुटत असेल तर मात्र ही युक्ती लावू नका. पुढच्या उदाहरणात नायट्रेटचा थोडा भाग फुटतो.

काहीच जमलं नाही तर बीजगणित

तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल:

सीयू + एच-एन-ओ₃ → सीयू(एन-ओ₃)₂ + एन-ओ + एच₂-ओ

अंदाजानं हे सोडवताना मीही पाटी दोनदा पुसलेली आहे. म्हणून सरळ सहगुणकांना अनुक्रमे अ, ब, क, ड, इ म्हणा आणि प्रत्येक मूलद्रव्याचं एकेक समीकरण मांडा.

तांबं: अ = क
हायड्रोजन: ब = २इ
नायट्रोजन: ब = २क + ड
ऑक्सिजन: ३ब = ६क + ड + इ

क ला १ धरा, मग अ देखील १. नायट्रोजनच्या ओळीत ब च्या जागी २इ घातलं की ड = २इ − २. हे ऑक्सिजनच्या ओळीत घाला: ६इ = ६ + २इ − २ + इ, म्हणजे ३इ = ४, म्हणून इ = ४/३. त्यावरून ब = ८/३ आणि ड = २/३. सगळ्यांना ३ नं गुणा.

३ सीयू + ८ एच-एन-ओ₃ → ३ सीयू(एन-ओ₃)₂ + २ एन-ओ + ४ एच₂-ओ

ऑक्सिजनवर ताळा: डावीकडे २४. उजवीकडे १८ अधिक २ अधिक ४, चोवीस. आम्ल संहत असेल तर एन-ओ ऐवजी एन-ओ₂ निघतो आणि आकडेही बदलतात, १, ४, १, २, २. म्हणून प्रश्नातला 'विरल' किंवा 'संहत' हा शब्द आधी अधोरेखित करा. बीजगणिताला वेळ लागतो, पण बहुतेक समीकरणं त्यानं सुटतात. तरी रोज हेच वापरू नका, नाहीतर लोखंडाच्या समीकरणात दिसलेले हमाल कधीच दिसणार नाहीत.

पेपर देण्याआधी

सहगुणकांना सामाईक भाग जातो का पाहा. २, ४, २ आले असतील तर १, २, १ लिहा. स्थायू, द्रव, वायू, जलीय ही अवस्थाचिन्हं विचारली असतील तर सगळं जुळल्यावर सूत्राच्या मागे कंसात लावा, आधी लावली की मोजताना डोळा चुकतो. आणि १ हा सहगुणक लिहायचा नसतो.

सरावाला

उत्तरं शेवटी दिली आहेत, ती हातानं झाकून सोडवा.

क) एएल + ओ₂ → एएल₂-ओ₃
ख) एनए-एच-सी-ओ₃ → एनए₂-सी-ओ₃ + एच₂-ओ + सी-ओ₂ (खायचा सोडा तापवला की होतं ते)
ग) सी-ओ(एन-एच₂)₂ + एच₂-ओ → एन-एच₃ + सी-ओ₂ (शेतात टाकलेल्या युरियाचं ओलीत होतं ते)
घ) एमएन-ओ₂ + एच-सीएल → एमएन-सीएल₂ + एच₂-ओ + सीएल₂
च) एफई + एच₂-ओ → एफई₃-ओ₄ + एच₂ (तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की)

घ मधलं मँगनीज डायऑक्साइड भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतही निघतं आणि टॉर्चच्या सेलमध्ये जातं. याच अभिक्रियेतून स्वीडनमधल्या शीले या रसायनशास्त्रज्ञानं १७७४ मध्ये पहिल्यांदा क्लोरिन मिळवला. त्यात क्लोरिन उजवीकडे दोन ठिकाणी आहे, म्हणून सुरुवात ऑक्सिजनपासून करा, मग हायड्रोजन आणि शेवटी क्लोरिन.

उत्तरं (सहगुणक क्रमानं, न लिहायचा १ ही धरून): क) ४, ३, २. ख) २, १, १, १. ग) १, १, २, १. घ) १, ४, १, २, १. च) ३, ४, १, ४.

च मध्ये ४ एफई आले असतील तर तुम्ही पायाशी असलेला आकडा चुकीच्या मालकाला लावला आहे. चौकट पुन्हा काढा आणि आधी लोखंड मोजा.